भाऊंच्या डोक्यातला नकाशा

परदेशी पाहुणा येणार म्हटलं की आमच्या ऑफिसात सगळ्यात आधी चुना येतो. पोतीच्या पोती. गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा ओढल्या जातात, झाडांच्या बुंध्यांना कंबरेपर्यंत गेरू लागतो, आणि ज्या मुतारीकडे वर्षभर कोणी ढुंकून पाहत नाही तिच्या दाराशी गुलाबाची कुंडी येऊन बसते. पाहुणा गेला की तिसऱ्या दिवशी कुंडी गायब. कोण नेतं हे मला अठरा वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही.

आमची नगरपरिषद छोटी. नागपूर कुठे संपतं आणि आमचं गाव कुठे सुरू होतं हे आता कुणालाच सांगता येत नाही. मध्ये सगळे लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहती, आणि लग्नाचे हॉल आणि लॉन. मी तिथे पाणीपुरवठ्याची अभियंता. रोज सकाळी नागपूरच्या कडेच्या बेसाहून स्कूटीवर निघायचं आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या, असं माझ्या कामाचं थोडक्यात वर्णन करता येईल. उन्हाळ्यात शिव्या वाढतात, कारण घरोघरी कूलर लागतात आणि कूलरला माणसापेक्षा जास्त पाणी लागतं.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर वरून पत्र आलं. दोन देशांतल्या छोट्या शहरांनी आपापले अधिकारी एकमेकांकडे पाठवायचे, काम पाहायचं आणि परत आल्यावर शिकलेलं काहीतरी आपल्या गावात करून दाखवायचं, अशी ती योजना होती. आधी त्यांचा माणूस दोन आठवडे आमच्याकडे, मग आमचा दोन आठवडे त्यांच्याकडे, मग एक प्रकल्प, आणि शेवटी ऑनलाइन समारोप. पत्र राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांना गेलं होतं म्हणे. राज्यातून उत्तर फक्त आम्ही दिलं, कारण आमच्या आवक-जावकच्या बाबूला त्या दिवशी दुसरं काम नव्हतं.

अशा रीतीने जपानमधल्या एका लहान गावाच्या पाणी खात्यातला माणूस एप्रिलच्या शेवटी आमच्या दारात उतरला. साठीच्या जवळ आलेला, बारीक अंगाचा, गळ्यात कायम पंच्यासारखा टॉवेल. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, मोजकं आणि जपून वापरलेलं. ऑफिसात त्यातल्या त्यात माझंच इंग्रजी बरं, म्हणून वाटाड्या मी आणि दुभाषीही मीच.

आम्ही त्याला ठरलेलं सगळं दाखवलं. बाग दाखवली. ज्या एका वॉर्डात पाणी नीट येतं तो वॉर्ड दाखवला. नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये शाल, श्रीफळ आणि संत्रा बर्फी झाली. पाहुणे सगळं मान हलवून पाहत होते, वहीत लिहीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, व्हॉल्व कोण उघडतं?

मला हसूच आलं. इतक्या वर्षांत मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी मला नाना प्रश्न विचारले, हा एक कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, भाऊ उघडतात.

भाऊ म्हणजे आमचे व्हॉल्वमन. सव्वीस वर्षं रोजंदारीवर. पहाटे पाचला सायकलवर निघायचे, खांद्यावर ती लांब लोखंडी चावी, आणि गावातले चेंबर उघडून एकेका भागाचं पाणी सोडायचे आणि बंद करायचे. कोणत्या गल्लीखालून कोणता पाइप जातो हे फक्त त्यांना ठाऊक. ऑफिसात कागद नव्हता असं नाही. एक जुना नकाशा होता, वाळवीने खाल्लेला, त्यातलं गाव आता उरलेलं नव्हतं. गाव दसपट वाढलं, पाइप ज्याने जसा टाकला तसा टाकला, आणि ते सगळं भाऊंच्या डोक्यात जमा होत गेलं. रजेवर गेले की अर्धं गाव कोरडं. त्यामुळे ते रजेवर जात नसत.

त्यांना एकच गोष्ट हवी होती, कायम व्हायचं होतं. कायम होण्याचा त्यांचा प्रस्ताव मी येण्याच्या आधीपासून फिरत होता. एकदा शिक्षण कमी म्हणून परत आला, एकदा पद मंजूर नाही म्हणून, एकदा फाइलीला सूची जोडली नाही म्हणून. साठीला चारच वर्षं राहिली होती. भाऊ म्हणायचे, “मॅडम, पेन्शनचं तर हायच. पन मले एकदा या ऑफिसचा मानूस म्हणून मरायचं हाय. आता लोकं इचारते, कुठं कामाले हाय, तं मी म्हणतो नगरपरिषदेत. तवा मनात वाटते का खोटं बोलून राहिलो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहुण्यांना भाऊंकडे घेऊन गेले. चौकातल्या चेंबरपाशी भाऊ ओणवे झाले होते. एक लोखंडी सळई त्यांनी व्हॉल्वच्या दांड्याला टेकवली होती आणि दुसरं टोक कानाला. पाइप कुठे फुटला असेल तर त्याचा आवाज असा ऐकू येतो. मी हे शंभरदा पाहिलेलं, त्याचं मला काही नवल नव्हतं. पाहुणे मात्र जागच्या जागी थांबले. मग घाईघाईने पाठीवरची पिशवी उघडून त्यांनी आतून एक सळई काढली. चकचकीत, एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला कानाला लावायची गोल चकती. तीच वस्तू.

भाऊंनी ती पाहिली आणि म्हणाले, “अरे वा! तुयाकडंही हाय का गा?”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण कुणाला गरज नव्हती. दोघं गुडघ्यांवर बसले. एकाने आपली सळई लावली, दुसऱ्याने आपली. एका चेंबरवरून पुढच्यावर, तिथून त्याच्या पुढच्यावर. मी मागे चप्पल फटफटत चाललेली. किराणा दुकानाच्या पायरीशी दोघांनी एकदमच जमिनीकडे बोट केलं. दुपारी खोदलं तर तिथेच पाइप चिरलेला. भाऊ हसायला लागले, पाहुणेही हसायला लागले, आणि दुकानदार पायरी फोडली म्हणून भांडायला लागला. त्या दिवशी मला आमच्या गावाचा खराखुरा अभिमान वाटला. असा प्रसंग फार येत नाही.

चहा पिताना पाहुण्यांनी विचारलं, यांचा नकाशा कुठे आहे? मी भाऊंना विचारलं. भाऊंनी कपाळावर दोन बोटं मारली.

पाहुणे आधी हसले, मग त्यांनी वही मिटली. म्हणाले, आमच्याकडेही गावाच्या एका भागात असा एक माणूस होता. अचानक गेला. पुढची दोन वर्षं आम्ही त्या भागात आंधळ्यासारखे रस्ते खोदत होतो.

निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या भाषणांनंतर पाहुणे उठले, मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या भाऊंपर्यंत चालत गेले आणि कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. आपली सळई दोन्ही हातांनी त्यांना दिली. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सळई त्यांच्या हातात अर्धा तास राहिली असेल. कार्यक्रम आटोपताच भांडारपाल आले आणि कर्मचाऱ्याला मिळालेली भेटवस्तू ही कार्यालयाची मालमत्ता म्हणून घेऊन गेले. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे ऑफिसच्या टेबल-खुर्च्यांच्या यादीत, तिची नोंद झाली आणि ती नगराध्यक्षांच्या काचेच्या कपाटात, क्रिकेटच्या चषकांशेजारी जाऊन पडली.

जाताना पाहुण्यांनी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे या गृहस्थांनाच पाठवा. साहेब मोठ्याने हसले. मराठीत मला म्हणाले, “मॅडम, रोजंदारी माणसाला विमानात बसवायचं तर माझी नोकरी जाईल.” नियम बरोबर होता. योजना अधिकाऱ्यांसाठी होती. भाऊ अधिकारी नव्हते, कर्मचारीसुद्धा नव्हते. माझं नाव गेलं. मी एका शब्दाने हो-नाही केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायला मिळणार होतं, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

ऑक्टोबरात मी गेले. तिथल्या स्वच्छतेबद्दल आणि वक्तशीरपणाबद्दल इथे सगळ्यांनी इतकं ऐकलेलं आहे की मी त्यात भर घालत नाही. मला आठवते ती एकच खोली. पाणी खात्याच्या ऑफिसातली नकाशांची खोली, सपाट खणांची कपाटं, आणि खिडकीशी एक टेबल. टेबलावर नावाची पाटी. मागे एक म्हातारा बसलेला. पाहुण्यांनी ओळख करून दिली. हा गृहस्थ गावाच्या उरलेल्या भागात चाळीस वर्षं व्हॉल्व फिरवत होता. निवृत्त झाला तरी आठवड्यातून तीन दिवस येतो. त्याच्या डोक्यातलं सगळं नकाशावर उतरवून घेतलं, आणि आता नवी पोरं अडली की या टेबलाशी येतात.

मी त्या टेबलाचा फोटो काढला. रात्रभर मला झोप आली नाही इतकी मी खूश होते. मला भाऊंच्या कायमपणाची किल्ली सापडली होती. नकाशा करायचा. त्यावर भाऊंचं नाव घालायचं. तो प्रस्तावाला जोडायचा. इतकं मोठं काम ज्याने करून दिलं त्याला कोण नाही म्हणेल?

एवढी शिकलेली बाई, आणि माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. मला वाटलं, त्या म्हाताऱ्याने नकाशा दिला म्हणून त्याला टेबल मिळालं. गोष्ट उलटी होती. त्याला टेबल आधीपासून होतं, ते कोणी काढून घेणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने नकाशा दिला.

परत आल्यावर मी भाऊंना फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. भाऊंनी बराच वेळ फोटो पाहिला.

“मॅडम, एक इचारू? डोस्क्यातलं कागदावर गेलं, तं मंग डोस्क्याचं काय काम?”

मला राग आला. मी यांच्यासाठी एवढी धडपडतेय आणि हे शंका काढताहेत. म्हटलं, “भाऊ, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?”

“तुमच्यावर हाय. ऑफिसवर नाही.”

“ऑफिस म्हणजे मीच ना?” मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

भाऊ हो म्हणाले. त्यांना नकाशा पटला म्हणून नव्हे. मॅडमचं मन कसं मोडायचं म्हणून.

तो हिवाळा माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला काळ होता. सकाळचं पाणी सुटलं की मी स्कूटी काढायची, भाऊ मागे बसायचे, चावी आडवी धरून, आणि आम्ही गाव पालथं घालायचो. एकेक चेंबर उघडायचं, मोबाइलवर जागा टिपायची, आणि भाऊ सांगतील ते लिहायचं. हा व्हॉल्व उलटा फिरतो. हा बारा आटे फिरतो, पण नवव्याला थांबायचं, नाहीतर खालच्या आळीत पाइप फुटतो. हा अर्धा ठेवला तर दोन्ही गल्ल्यांना पाणी पुरतं. पानठेल्याखाली एक, तो ठेला सरकवला की दिसतो. देवळाच्या ओट्याखाली एक, त्याच्यासाठी ओट्याची एक फरशी सिमेंट न लावता नुसती ठेवलेली, हे पुजाऱ्यालाही माहीत नव्हतं. एक व्हॉल्व एका घराच्या स्वयंपाकघरात निघाला. घर वाढवताना त्यांनी चेंबर आत घेतलं होतं. तिथल्या बाईंनी भाऊंना पाहून गॅस बंद केला आणि फरशीवरचा डबा बाजूला घेतला. वर्षानुवर्षं त्या घेत आल्या होत्या.

भाऊ सांगत राहायचे. कोणता पाइप कोणाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी टाकला, कोणत्या गल्लीत कोणाच्या मयतीला टँकर मागवावा लागला. मी म्हणायचे, भाऊ, हे नकाशात नाही जायचं. ते म्हणायचे, “नका लिवू. पन ध्यानात असू द्या.” मार्चपर्यंत नकाशा पूर्ण झाला. कॉम्प्युटरवर निळ्या रेषा, लाल ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की भाऊंचं वाक्य उघडायचं. खाली कोपऱ्यात मी त्यांचं नाव टाकलं. भाऊंनी स्क्रीनवर ते नाव पाहिलं आणि रुमालाने चष्मा पुसला.

मग प्रकल्पाचा अहवाल लिहायचा होता. छापील नमुना होता, त्यात एक चौकट: प्रकल्पाचा परिणाम काय झाला, एका वाक्यात लिहा. मी दोन दिवस त्या वाक्यावर घालवले. शेवटी लिहिलं, “या नकाशामुळे शहराचा पाणीपुरवठा आता कोणत्याही एका व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिलेला नाही.” इंग्रजीतून तिकडे पाठवलं, मराठीतून ऑफिसला दिलं. भाऊंनाही वाचून दाखवलं. वाक्य मला फार आवडलं होतं. भाऊ म्हणाले, “चांगलं लिवलं, मॅडम.” आणि सायकल घेऊन गेले.

त्याच आठवड्यात मी कायमपणाचा प्रस्तावही पाठवला. नकाशा जोडला, पाहुण्यांचं पत्र जोडलं, या वेळी सूचीसुद्धा जोडली.

महिन्याभराने फाइल माझ्या टेबलावर आली. आधी मला वाटलं, मंजूर झाली. टिपणी वाचायला घेतली. नगरपरिषदेने व्हॉल्व चालवण्याचं काम एका एजन्सीला देण्याचं ठरवलं होतं. कारणं चार ओळींत होती. पाणीपुरवठ्याचा अद्ययावत नकाशा उपलब्ध झाला आहे. आणि त्यापुढे अवतरण चिन्हांत, माझ्या अहवालाचा जावक क्रमांक घालून, माझं वाक्य. शब्दन् शब्द. कोणत्याही एका व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिलेला नाही. सबब, रोजंदारी व्हॉल्वमनची सेवा पुढील महिन्याच्या एक तारखेपासून घेण्यात येऊ नये. सबब, कायम करण्याचा प्रस्ताव निकाली काढण्यात यावा.

मी साहेबांकडे गेले. ओरडले. माझा स्वभाव तापट आहे आणि ऑफिसात तो सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे साहेबांनी मला ओरडू दिलं. मग फाइल माझ्याकडे वळवून शांतपणे म्हणाले, “मॅडम, यात माझं एक वाक्य दाखवा. तुम्हीच तर लिहिलंय.”

ते वाईट माणूस नव्हते. मला पाणी दिलं, बसवलं, एजन्सीकडे शब्द टाकतो म्हणाले. एजन्सीला साठीजवळचा माणूस नको होता.

भाऊंना सांगायला मी पहाटे चौकात गेले. ऑफिसात बोलावून सांगण्याची हिंमत नव्हती. ते चेंबरवर ओणवेच होते. मी सांगत होते आणि ते व्हॉल्व फिरवत होते, मध्ये थांबले नाहीत, नऊ आटे पूर्ण केले. उठून गुडघे झटकले.

“एक तारखेपासून?”

“हो.”

“मंग चावी कोनाले द्यायची?”

मला वाटत होतं ते बोलतील. मी सांगत होतो ना, असं तरी म्हणतील. मला ते हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन नीट रडले असते. त्यांनी चावी माझ्या स्कूटीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, “आता ही जड वाटून राहिली.”

एक तारखेला एजन्सीची माणसं आली. हातात मोबाइल, त्यावर नकाशा. मी देवाकडे अक्षरशः प्रार्थना करत होते की काहीतरी बिघडावं. एखादी आळी कोरडी राहावी, पाइप फुटावा, लोकांनी मोर्चा आणावा आणि म्हणावं, भाऊंना बोलवा. पाणीपुरवठ्याच्या बाईने असं मागणं मागू नये. काहीही बिघडलं नाही. ठिपक्यावर बोट ठेवलं की भाऊंचं वाक्य उघडत होतं, नवव्या आट्याला माणसं थांबत होती. देवळाची फरशी उचलली जात होती. भर मे महिन्यात सगळ्या गावाला वेळेवर पाणी आलं. आम्ही दोघांनी एकही चूक केली नव्हती. आठवड्याभरात भाऊ कुठे गेले हे विचारणारे लोकही थांबले.

मग समारोप आला. दोन्ही देशांतली सगळी गावं पडद्यावर एकत्र येणार होती, आणि पाहुण्यांनी खास निरोप पाठवला होता की नकाशावाल्या गृहस्थांना बोलवा. साहेब म्हणाले, बोलवा ना, काय हरकत आहे. एक ऑफिसचं जॅकेट द्या त्यांना.

मी भाऊंच्या घरी गेले. ते आता एका लेआउटच्या गेटवर बसत, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत. त्या दिवशी सुट्टी होती. वहिनींनी मला चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं भाऊ नाही म्हणतील, आणि ते नाही म्हणाले तर बरं होईल असंही वाटत होतं. ते एकदम सावरून बसले.

“येतो. त्या मानसाले मीच सांगतो का मायासंगं काय झालं. तो आयकनारा मानूस हाय. त्यानं सायेबाले दोन शब्द सांगतले तं सायेब टाळनार नाही. बाहेरच्या मानसाचं आयकते आपले लोकं.”

“भाऊ, तिथे बरेच लोक असतील.”

“मंग तं बरंच हाय ना. तुम्ही फक्त मी बोलीन तसं त्याले सांगा.”

हो म्हणाले मी.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. जॅकेट वरून चढवलं. सभागृहात मोठा पडदा, साहेब मधल्या खुर्चीवर, त्यांच्या शेजारी मी, माझ्या पलीकडे भाऊ. पडद्यावर चौकोनच चौकोन, आपल्या देशातली गावंही परराज्यांतली, मराठी कुणालाच न कळणारी. त्यातल्या एका चौकोनात पाहुणे दिसले, आणि भाऊंना पाहताच उभे राहून वाकले. भाऊही उठून वाकले. पाहुण्यांनी विचारलं, कसे आहेत? सध्या काय करतात?

भाऊंनी पाठ करून आणलं होतं. थांबत थांबत, माझ्यासाठी वाक्याला वाक्य मोकळं ठेवत बोलले. “सायेब, तुम्ही सांगतलं म्हणून म्या नकाशा काढून देला. सव्वीस वरसाचं सारं देलं. नकाशा झाला अन् मले काढून टाकलं. मी आता गेटवर बसतो. तुम्ही आमच्या सायेबाले सांगा, मले परत घ्या. कायम नाही केलं तरी चालते.”

माझ्यावर साहेबांनी डोळेसुद्धा वटारले नाहीत. ते मोबाइल पाहत होते. मला कोणी दमात घेतलं नव्हतं, कोणी काही शिकवलं नव्हतं. दोन देशांतली माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती, माझ्या प्रकल्पाला त्या दिवशी शाबासकी मिळणार होती, आणि ती चौकट, ते वाक्य, सगळं माझं होतं. मी इंग्रजीत म्हणाले, ते तुमची आठवण काढतात. आता घरी विश्रांती घेतात. नकाशा गावाच्या उपयोगी पडतोय याचा त्यांना आनंद आहे.

पाहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक चौकोन टाळ्या वाजवू लागला, पार पडदाभर.

भाऊ माझ्याकडे वाकले. “टाळ्या काहून वाजवून राहिले?”

“तुमची बाजू घेतली त्यांनी,” मी म्हणाले.

“सांगतो म्हणाले का सायेबाले?”

“पत्र लिहितो म्हणाले.”

भाऊंनी पडद्याकडे तोंड करून हात जोडले आणि टाळ्या थांबेपर्यंत ते तसेच जोडून ठेवले. मग जॅकेट काढलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि गेटवरची पाळी चुकायला नको म्हणून लगेच निघाले.

याला आता सात-आठ महिने झाले. दर सोमवारी, त्यांची पाळी सुटली की त्यांचा फोन येतो. आधी माझ्या मुलांची चौकशी करतात, मग विचारतात, जपानहून कागद आला का. मी म्हणते, अजून नाही, भाऊ. ते म्हणतात, “दूरचं गाव हाय, टाइम लागनारच,” आणि फोन ठेवतात.